तुरट

एल्विओ आला तेव्हा आमची
खोकल्याच्या औषधाची लाइन बंद पडली होती.
मकरपुरा, शेड नंबर अकरा.
तांबडं सिरप टाकीत, बाटल्या पट्ट्यावर उभ्या,
आणि झाकणं बसवणारं त्याच्या गावचं मशीन
दर चौथ्या बाटलीला वाकडं झाकण घालत होतं.

कुठला म्हणे हा? भूपतभाईंनी विचारलं.
त्यानं ग्रीसच्या बोटानं पुठ्ठ्यावर बूट काढला,
बुटाच्या वर, पार मांडीच्याही वर,
डोंगरांच्या कुशीत एक काळा ठिपका दिला:
आल्बा. पिएमाँते.
तिथं बापाची द्राक्षं. भाऊ बघतो.
मी मशीनं बघतो.

दुपारी त्याला सेवउसळीच्या लारीवर नेलं.
पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी,
दुसऱ्याला हसू,
तिसऱ्याला वर आणखी तरी मागून म्हणाला,
याच्यासोबत आमची बार्बेरा चालेल.
नेब्बिओलो नाही. ती भांडेल तिखटाशी.

मग कशाशी भांडत नाही ती?
मला काय ठाऊक, एवढ्या एका प्रश्नावर
हा माणूस एकोणीस दिवस बोलेल.

नेब्बिया म्हणजे धुकं.
ऑक्टोबरात नदीवरून टेकडी चढतं,
तेव्हा कुठं पिकायचं मनावर घेते ती.
कोंब सगळ्यांच्या आधी,
पिकणं सगळ्यांच्या मागून.
(आमच्यात असं थोरल्या दिरांबद्दल बोलतात.)
साल पातळ, रंग फिका,
रंगावरून फसलात तर तोंड धरते.
मग पिंपात ठेवा, बाटलीत ठेवा,
पोरगं शाळेत जाईस्तोवर वाट बघा.

तोंड धरते म्हणजे?
त्यानं जीभ टाळ्याला चिकटवली,
मूठ आवळून दाखवली, शब्द सापडेना.
तुरट, मी म्हटलं.
आवळ्यासारखी, सुपारीसारखी,
जांभळं खाल्ल्यावरच्या जिभेसारखी.
आमच्या सहा चवींत बसते ती,
बाहेरची नाही.
तुरात, तुरात्त, असं घोळवत
त्यानं स्क्रूच्या मापांखाली लिहून घेतलं.

बैलाचं मांस रात्रभर त्याच वाइनमध्ये मुरवायचं,
दुसऱ्या दिवशी मंद आचेवर,
असं सुरू झालं तसे भूपतभाई हात धुवायला उठले.
तो लगेच शाकाहारी झाला:
जुनं चीज, कडक, तुकडा मोडून खायचं असं.
निदान अर्धा शाकाहारी:
अंड्याच्या बलकातल्या बारीक शेवया, नुसतं लोणी,
वर किसलेला पांढरा कंद,
जो कुत्री हुंगून काढतात झाडाखालून.
आमच्या रविवारच्या मटणाबरोबर?
तिखट किती?
मोहित्यांच्या घरचं.
मग तुम्ही पाणीच प्या, म्हणाला.

परदेशी म्हणून त्याला परमिट मिळालं असतं.
नाही काढलं.
औषधासारखी एकट्यानं घ्यायची वस्तू नाही ती,
असं म्हणत चहाचा ग्लास
बुडाशी धरून गोल फिरवी, नाक घाली आत.
चहावाला दुधाकडं संशयानं बघे.

शेवटच्या दिवशी विचारलं, वास कसला येतो रे?
डांबर, तो म्हणाला. आणि गुलाब.
मला वाटलं, इंग्रजी संपलं बिचाऱ्याचं.

मशीन चालू झालं. तो गेला.
झाकणं सरळ बसतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी
त्याच मशीनच्या पूजेला फुलं आणायला
खंडेराव मार्केटला गेले, सहा वाजले असतील.
पावसानं उखडलेला रस्ता भरत होते,
पिंप तापलेलं, काळा धूर जमिनीलगत,
आणि त्या धुरातच कोणीतरी
गुलाबांचं पोतं उपडं केलं.

उभी राहिले.
चौकातला हवालदार माझ्याकडंच बघत होता.
तोंड कोरडं पडलं, जीभ टाळ्याला,
हिरड्यांपर्यंत काहीतरी आवळत गेलं.

बेन, केटलां आपुं?
फुलवाल्यानं दोनदा विचारलं.

थांब रे, म्हटलं.
अजून घशाखाली उतरायचीय.